ओट्याचा दगड

घरात सर्वांत अधिक कष्ट सोसणारी वस्तू कोणती, असे कोणी विचारले, तर तुम्ही काय उत्तर द्याल? कोणी उंबरठ्याचे नाव घेईल, कोणी पायपुसण्याचे, तर कोणी धुण्याच्या दगडाचे. स्वयंपाकघरातील ओटा मात्र बहुधा कोणाच्या ध्यानी येणार नाही. सकाळी चहाचे आधण त्याच्यावरच चढते. त्याच्यावरच कणीक मळली जाते, भाजी चिरली जाते, नारळ फोडला जातो. लिंबाचे थेंब, चिंचेचा कोळ, ताकाचे शिंतोडे, हळद, तेल, तापलेली कढई आणि जड पातेली हे सारे तो निमूटपणे सोसतो. रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर त्याला घासूनपुसून स्वच्छ करतात, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सोसण्यासाठी.

पूर्वी आपल्याकडे स्वयंपाक बसून होत असे. जमिनीवर मातीची चूल, शेजारी पाट, हाताशी विळी आणि भिंतीलगत पाटा-वरवंटा अशी मांडणी असे. चुलीभोवतीची जमीन शेणाने सारवलेली असे. तिच्यावर डाग पडला, तर दुसऱ्या दिवशीच्या सारवणाखाली तो झाकून जाई. पुढे रॉकेलचे स्टोव्ह आणि गॅसच्या शेगड्या घरोघर आल्या. स्वयंपाक उभ्याने होऊ लागला आणि उंच ओटा हा स्वयंपाकघराचा मुख्य भाग झाला. ह्या ओट्यावर दगडाची लादी बसवतात. ती काही रोज सारवता येत नाही. एकदा बसवली, की ती वर्षानुवर्षे तशीच राहावयाची असते. म्हणूनच तिची निवड विचारपूर्वक करावी लागते.

दगड विकणाऱ्याच्या आवारात गेले, तर डोळे दिपून जातात. काळ्या, पांढऱ्या, तांबूस, हिरवट, ठिपकेदार अशा कितीतरी रंगांच्या लाद्या तेथे ओळीने उभ्या केलेल्या असतात. यंत्राने घासून त्यांना आरशासारखी झिलई आणलेली असते. परंतु ही झिलई म्हणजे दगडाचा अंगचा गुण नव्हे. ती यंत्राने चढवलेली असते आणि निरनिराळ्या दगडांवर ती कमीअधिक काळ टिकते. ती किती दिवस टिकेल, हे दगडाच्या स्वभावावर अवलंबून असते आणि दगडाचा स्वभाव त्याच्या जन्मावर अवलंबून असतो. तेव्हा दगडांचा जन्म कसा होतो, हे प्रथम पाहू.

पृथ्वीच्या पोटात अतिशय उष्णता आहे. तेथे काही ठिकाणी खडक वितळून त्यांचा रस होतो. त्याला शिलारस म्हणतात. हा शिलारस जमिनीखाली खोलवर अडकून राहिला, तर तो निवण्यास लाखो वर्षे लागतात. खडीसाखर कशी तयार करतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. साखरेचा पाक न हलवता हळूहळू निवू दिला, की तिचे मोठमोठे खडे बनतात. तोच पाक ढवळून घाईने आटवला, तर बारीक साखर होते. शिलारसाचेही असेच आहे. तो खोल भूगर्भात सावकाश निवाला, म्हणजे त्यात डोळ्यांना सहज दिसतील असे मोठे कण तयार होतात. ग्रॅनाइट हा अशा रीतीने जन्मलेला खडक होय. त्याच्याकडे निरखून पाहिले, तर काचेसारखे कण दिसतात, ती गारगोटी. पांढरे किंवा गुलाबी कण दिसतात, ते फेल्स्पार नावाच्या खनिजाचे. मधूनच चमकणाऱ्या पापुद्र्यांसारखे असते, ते अभ्रक. कर्नाटकात हंपीच्या परिसरात जे प्रचंड धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसतात, ते ग्रॅनाइटचेच आहेत. दक्षिण भारतातील ह्या खडकांपैकी काहींचे वय सुमारे २५० कोटी वर्षे आहे.

दुसऱ्या प्रकारच्या दगडांचा जन्म पाण्यात झाला. प्राचीन समुद्रांच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचत गेला. वरच्या थरांच्या भाराने खालचे थर घट्ट झाले आणि त्यांचा चुनखडक बनला. आंध्र प्रदेशातील कडप्पा भागातून येणारा काळा दगड हा चुनखडकच आहे. त्याला आपण गावाच्या नावावरून नुसते ‘कडप्पा’ म्हणतो. कर्नाटकातील शहाबादची करडी फरशी आणि राजस्थानातील कोट्याची हिरवट-निळसर फरशी हेही त्याचेच भाऊबंद. हे दगड थराथरांनी बनलेले असल्यामुळे वहीची पाने सुटावीत, तसे त्यांचे थर सुटे करता येतात. खाणीत पहारीने व छिन्नीने थर मोकळा केला, की सपाट फरशी आयतीच हाती येते. कापण्याचे श्रम वाचतात. ह्या फरश्या स्वस्त पडतात, त्याचे एक मोठे कारण हेच. परंतु ज्या थरांमुळे त्या सहज निघतात, त्याच थरांमुळे त्यांच्या कडांचे टवकेही सहज उडतात.

तिसऱ्या प्रकारचे दगड हे जणू द्विज आहेत. त्यांचा जन्म दोनदा होतो. चुनखडक भूगर्भात खोल दडपला गेला आणि तेथील उष्णतेने व दाबाने त्याचे रूप पालटले, की त्याचा संगमरवर होतो. राजस्थानातील मकराणा येथील संगमरवर जगप्रसिद्ध आहे. आग्ऱ्याच्या ताजमहालासाठी आणि १९२१ साली खुल्या झालेल्या कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया स्मारकासाठी तोच वापरला आहे. संगमरवराचे रूप पालटले, तरी त्याचे मूळ द्रव्य मात्र चुनखडकाचेच राहते. त्या द्रव्याचे नाव कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्यांत आणि अंड्याच्या कवचातही हेच द्रव्य असते. हे नाव तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला त्याचा उपयोग होणार आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारातील नावे आणि शास्त्रातील नावे नेहमी एकच नसतात. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात, तो पुष्कळदा शास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतो. तो त्याच्यासारखाच शिलारसापासून बनलेला, परंतु वेगळ्या खनिजांचा खडक असतो. आंध्र प्रदेशात ओंगोलजवळ चिमाकुर्ती नावाचे गाव आहे. तेथील काळ्या दगडात सोनेरी ठिपके चमकतात. रात्रीच्या आकाशातील तारकांप्रमाणे ते दिसतात, म्हणून त्याला ‘गॅलेक्सी’ म्हणजे आकाशगंगा असे नाव पडले आहे. ते ठिपके सोन्याचे नसून ब्रॉन्झाइट नावाच्या खनिजाचे असतात. अशा दगडांना ग्रॅनाइट म्हटल्याने ओट्याच्या कामात विशेष बिघडत नाही, कारण तेही कठीण असतात. परंतु नुसत्या नावावर विसंबू नये, एवढा धडा त्यावरून घ्यावा.

आता तुम्ही विचाराल, की आपल्या महाराष्ट्राचा स्वतःचा दगड कोणता? तो म्हणजे काळा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे लोटच्या लोट पसरले. ते उघड्यावर लवकर निवाले, म्हणून बेसॉल्टचे कण अगदी बारीक राहिले. सह्याद्रीचे कडे ह्याच दगडाचे आहेत. अजिंठा व वेरूळ येथील लेणी ह्याच दगडात कोरली आहेत. आपल्या आजीपणजींचा पाटा-वरवंटा आणि जातेही ह्याच दगडाचे. मग ओट्याला तो फारसा का वापरत नाहीत? लाव्हारस निवताना त्यातील वायू निसटले आणि पुष्कळ ठिकाणी दगडात लहानमोठ्या पोकळ्या राहिल्या. शिवाय निवताना आकुंचन पावल्यामुळे त्याला जागोजाग भेगा पडल्या. त्यामुळे ओट्याला लागते तशी लांबरुंद व एकसंध लादी त्यातून मिळणे कठीण जाते.

परंतु ह्यावरून बेसॉल्ट हलका दगड आहे, असे कोणी समजू नये. पाट्याचे काम वाटण्याचे. त्यासाठी दगड खडबडीतच हवा. पाटा गुळगुळीत झाला, की टाकीवाली बाई दारावर येई आणि त्याला टाकी लावून पुन्हा खरबरीत करून देई. ओट्याचे काम नेमके उलट. त्याच्यावर अन्नाचा कण अडकता कामा नये, म्हणून तो गुळगुळीतच हवा. जो गुण एका कामात भूषण ठरतो, तोच दुसऱ्या कामात दोष ठरतो. तेव्हा ‘सर्वांत चांगला दगड कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या कामासाठी?’ हे त्याला जोडल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

ओट्याच्या कामासाठी दगड पारखावयाचा असेल, तर तीन सोप्या परीक्षा आहेत. विकणाऱ्याकडून दगडाचा एखादा टाकाऊ तुकडा मागून घ्यावा आणि त्याच्यावर त्या कराव्यात. चांगल्या लादीवर मात्र करू नयेत.

पहिली परीक्षा कठीणपणाची. १८१२ साली फ्रीडरिक मोस ह्या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांचा कठीणपणा मोजण्याची एक युक्ती काढली. कोणते खनिज कोणत्या खनिजावर ओरखडा काढू शकते, हे पाहून त्याने दहा पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर अतिशय मऊ असा शंखजिरे हा दगड आहे आणि दहाव्या पायरीवर हिरा आहे. संगमरवर व चुनखडक ज्या खनिजाचे बनलेले असतात, ते कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर येते. फेल्स्पार सहाव्या पायरीवर आणि गारगोटी सातव्या पायरीवर येते. साध्या सुरीचे पाते सुमारे साडेपाचाव्या पायरीवर असते. ह्याचा अर्थ उघड आहे. सुरी संगमरवरावर ओरखडा काढील, परंतु ग्रॅनाइटवर तिचे काही चालणार नाही. ग्रॅनाइटवर सुरी ओढली, तर कधी कधी करडी रेघ उमटते खरी. पण ती दगडाची झीज नसते. सुरीचेच लोखंड झिजून दगडावर लागलेले असते. ओल्या फडक्याने घासले, की ती रेघ बहुधा निघून जाते. ही परीक्षा मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावी.

दुसरी परीक्षा लिंबाची. दगडाच्या झिलई केलेल्या बाजूवर लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब टाकावेत आणि पंधरा-वीस मिनिटांनी ते पुसून काढावेत. तुकडा ग्रॅनाइटचा असेल, तर काहीच फरक दिसणार नाही. तो संगमरवराचा किंवा कडप्प्याचा असेल, तर थेंब पडले होते तेथे निस्तेज, पांढुरका डाग दिसेल. हे कशामुळे होते? लिंबाच्या रसात आम्ल असते. कॅल्शियम कार्बोनेटशी आम्लाचा संयोग झाला, की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि दगडाचा वरचा अतिसूक्ष्म थर विरघळतो. तुकड्याची थोडी पूड खरवडून तिच्यावर लिंबू पिळले, तर वायूचे बारीक बुडबुडेही दिसू शकतात. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत येतो, म्हणून तो चकाकतो. आम्लाने त्याच्यावर सूक्ष्म खळगे पडले, की प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि चकाकी नाहीशी होते. हा डाग वरून लागलेला नसतो. तेथील झिलईच खाल्ली गेलेली असते. म्हणून साबणाने कितीही घासले, तरी तो जात नाही. दगड पुन्हा घासून झिलई करणे, हाच त्यावर उपाय.

आपल्या स्वयंपाकात आंबटाला केवढे स्थान आहे, ते पाहा. लिंबू, चिंच, आमसूल, कैरी, टोमॅटो, ताक ह्यांवाचून आपला एक दिवस जात नाही. तेव्हा शुभ्र संगमरवर देवघरात कितीही शोभला, तरी स्वयंपाकाच्या ओट्यावर त्याचे तेज लवकरच मावळेल, हे सांगावयास नको.

तिसरी परीक्षा पाण्याची व तेलाची. दगड आपल्याला भरीव दिसतो. परंतु पुष्कळ दगडांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. तुकड्यावर पाण्याचे काही थेंब टाकून पाव तास तसेच ठेवावेत. पुसल्यानंतर तेथे काळसर ओला ठसा राहिला, तर दगड पाणी पितो, असे समजावे. जो पाणी पितो, तो तेलही पिईल आणि हळदीचा रंगही पिईल. फिकट रंगाच्या काही ग्रॅनाइटांतही हा दोष आढळतो. अशा दगडांवर छिद्रे बुजवणारा द्रव लावून घेतात आणि काही काळाने तो पुन्हा लावावा लागतो. दाट, काळ्या दगडांना त्याची गरज क्वचितच भासते. जाता जाता आणखी एक खूण सांगतो. काही वेळा फिक्या दगडाला रंग देऊन तो काळाभोर भासवतात. रंग पातळ करण्याच्या द्रवात पांढरे फडके भिजवून ते दगडावर घासावे. फडके काळे झाले, तर तो काळेपणा दगडाचा नव्हे, हे उघड झाले.

ह्या तीन परीक्षांखेरीज आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी पाहाव्या लागतात. दगड जड असतो. ग्रॅनाइटच्या एक घनमीटर ठोकळ्याचे वजन सुमारे २,७०० किलोग्रॅम भरते. २ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर जाड अशी एक लादी घेतली, तर तिचे वजन किती होईल? गुणाकार करून पाहा. उत्तर ५८ किलोग्रॅमच्या आसपास येईल. एवढा भार पेलण्यासाठी ओट्याच्या खाली भक्कम आधार हवा. आधार विषम असेल, तर कठीणातला कठीण दगडही तडकतो, कारण दगड दाब सोसतो, पण वाकणे त्याला सोसत नाही. भांडी धुण्याच्या हौदासाठी आणि शेगडीसाठी लादीला भोक पाडतात, तेथे ती सर्वांत दुबळी होते. तेथे आधार अधिक द्यावा. ओट्याची उंचीही स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या बेताची असावी. उभे राहिल्यावर कोपरापेक्षा सुमारे १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा आला, तर पाठीला व खांद्यांना ताण पडत नाही.

एका कुटुंबाचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. नव्या घरासाठी वडील, आजी आणि सातवीत शिकणारी मुलगी दगड पाहावयास गेली आहेत. वडिलांना एक पांढराशुभ्र, करड्या रेषांचा दगड फार आवडला. ते म्हणाले, “आई, हा कसा वाटतो? घर कसे उजळून निघेल!”

आजींनी दगडावरून हात फिरवला आणि दुकानदाराला विचारले, “अहो, ह्याच्यावर लिंबू सांडले तर काय होते?”

दुकानदार प्रामाणिक होता. तो म्हणाला, “आजी, खरे सांगायचे तर डाग पडतो. हा संगमरवर आहे. स्वयंपाकापेक्षा हात धुण्याच्या जागी तो बरा.”

मुलगी म्हणाली, “बाबा, कडप्पा घेतला तर? स्वस्तही आहे.”

“मी कडप्प्याच्या ओट्यावरच चाळीस वर्षे स्वयंपाक केला, बाळ,” आजी म्हणाल्या. “खोबरेल तेलाचा हात फिरवला, की तो काळाभोर दिसतो. पण ताक सांडले, की पांढरे डाग पडतात, आणि कडेचे टवके उडतात. तो वाईट नाही. पण त्याच्याकडे लक्ष द्यावे लागते.”

शेवटी त्यांनी ओट्यासाठी साधा काळा ग्रॅनाइट, ओट्याखालच्या फळ्यांसाठी कडप्पा आणि हात धुण्याच्या जागेसाठी पांढऱ्या दगडाचा एक लहान तुकडा घेतला. प्रत्येक दगडाला त्याच्या योग्यतेचे काम मिळाले आणि खर्चही आवाक्यात राहिला.

न्हाणीघराचा विचार थोडा निराळा असतो. तेथे चिंच किंवा हळद नसते, तापलेली कढई नसते. म्हणून तोंड धुण्याच्या भांड्याभोवती मऊ दगडही चालू शकतो. परंतु न्हाणीघर स्वच्छ करण्यासाठी जे द्रव वापरतात, त्यांपैकी पुष्कळांत तीव्र आम्ल असते. त्याचा एक शिंतोडासुद्धा संगमरवराची झिलई घालवतो. संगमरवर साध्या साबणाच्या पाण्यानेच धुवावा. जमिनीसाठी मात्र चकचकीत दगड कधीही वापरू नये. ओल्या झिलईवरून पाय घसरतो आणि वृद्ध माणसांची हाडे मोडतात. तेथे खरबरीत फरशीच हितकारक.

अलीकडे बाजारात आणखी एक प्रकार आला आहे. तो खाणीतून लादीच्या रूपात निघत नाही. कारखान्यात गारगोटीचा चुरा करून, त्यात राळेसारखा कृत्रिम चिकट पदार्थ मिसळून, दाबाने व उष्णतेने त्याच्या लाद्या बनवतात. त्याला बाजारात ‘क्वार्ट्झ’ म्हणतात. वजनाच्या मानाने त्यात बहुधा ९० टक्क्यांहून अधिक गारगोटी असते. तो पाणी पीत नाही, लिंबाला दाद देत नाही आणि हव्या त्या रंगात मिळतो. मात्र त्यातील चिकट पदार्थ फार उष्णता सोसत नाही. विस्तवावरून उतरवलेली कढई त्याच्यावर तशीच ठेवली, तर त्याला डाग पडतो किंवा तडा जातो. एवढे सांभाळले, तर हा दगड सर्व परीक्षांत उत्तीर्ण झाला, असे कोणासही वाटेल. परंतु एक परीक्षा अजून उरली आहे आणि ती ओट्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची नव्हे. ज्याने तो दगड कापला, त्या माणसाची ती परीक्षा आहे.

दगड कापताना धूळ उडते. गारगोटी म्हणजे सिलिका. तिच्या धुळीचे अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते श्वासाबरोबर फुप्फुसांत अगदी आतवर जाऊन बसतात आणि पुन्हा बाहेर येत नाहीत. त्यांच्याभोवती फुप्फुसाला व्रण पडतात, ते ताठर होते आणि माणसाला दम लागू लागतो. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्याने ग्रासलेल्या माणसाला क्षयरोग जडण्याचा धोकाही वाढतो. सिलिकोसिस पूर्ण बरा करणारे औषध नाही. तो टाळता मात्र येतो. संगमरवरात गारगोटी अगदी थोडी असते. ग्रॅनाइटमध्ये ती बरीच असते. कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झमध्ये तर बहुतेक सारी गारगोटीच. जो दगड वापरणाऱ्याला सर्वांत सोयीचा, तोच कापणाऱ्याला सर्वांत घातक ठरू शकतो.

ह्या दगडाचे काम करणाऱ्या अनेक तरुण कामगारांना हा रोग झाल्याचे दिसून आले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचे उत्पादन, विक्री व बसवणी ह्यांवर बंदी घातली. आपल्या देशात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची गणना शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत केली होती. खाणी आणि दगडकाम मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या राजस्थानात तेथील शासनाने २०१९ साली अशा रोग्यांच्या साहाय्यासाठी स्वतंत्र धोरण आखले.

परंतु कायद्याबरोबर आपणही काही करू शकतो. दगड कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली, तर धूळ हवेत न उडता पाण्याबरोबर वाहून जाते आणि पातेही तापत नाही. कापण्याचे व भोक पाडण्याचे सारे काम जेथे पाणी वापरण्याची सोय आहे, तेथेच करून घ्यावे. लादी घरी आणून कोरडीच कापू देऊ नये. त्याने धुळीचे लोट उठतात. ते कारागिराच्या छातीत जातात आणि घरातल्यांच्याही. नाकातोंडावर साधा रुमाल बांधल्याने ही सूक्ष्म धूळ अडत नाही. त्यासाठी खास मुखपट्टी लागते. काम नेमून देताना ह्या गोष्टी आपण होऊन विचाराव्यात. थोडे पैसे अधिक पडले, तरी ते आनंदाने द्यावेत.

चांगला ओटा म्हणजे केवळ चकाकणारा ओटा नव्हे. जो आपल्या अन्नाला साजेल, आपल्या ऐपतीत बसेल, वर्षानुवर्षे टिकेल आणि ज्याच्यापायी कोणाचा श्वास कोंडला नाही, तो खरा चांगला ओटा. कोट्यवधी वर्षे भूगर्भात घडलेला तो दगड, तो खाणीतून काढणारे आणि कापणारे हात, आणि त्याच्यावर रोज आपल्यासाठी रांधणारे हात ह्या तिघांचीही आठवण ठेवून त्याची निवड केली पाहिजे.

स्वाध्याय

१. ग्रॅनाइटमध्ये कण मोठे का दिसतात? लेखकाने दिलेल्या दृष्टान्ताच्या आधारे सांगा.
२. कडप्पा व शहाबादी फरशी स्वस्त का पडते?
३. कारणे द्या : (अ) संगमरवरावर पडलेला लिंबाचा डाग साबणाने जात नाही. (आ) ग्रॅनाइटवर सुरी ओढल्यावर उमटलेली रेघ पुसली जाते.
४. ‘जो गुण एका कामात भूषण ठरतो, तोच दुसऱ्या कामात दोष ठरतो.’ पाटा व ओटा ह्यांच्या उदाहरणाने हे विधान स्पष्ट करा. असे आणखी एक उदाहरण तुमच्या अनुभवातून द्या.
५. दगड कापताना पाणी वापरणे का आवश्यक आहे?
६. तुमच्या घरातील ओटा, उंबरठा, पायऱ्या व न्हाणीघर ह्यांसाठी कोणकोणते दगड वापरले आहेत, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांविषयी दहा-बारा ओळी लिहा.